गॉन की बीन

यंदा गौरी-गणपतीच्या विसर्जनाला, गावच्या तळ्यावर, नाना घरत सगळ्यांसमोर चुकीचं इंग्रजी बोलले. असं पूर्वी झाल्याचं कोणाला आठवत नाही.

नाना आमचे शेजारी. न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डाच्या गेटवर क्लार्क होते, आता निवृत्त. एवढ्या नोकरीत त्यांनी इंग्रजीचा एकच नियम पक्का केला. "कंटेनर गेटबाहेर पडला की हॅज गॉन. जाऊन परत आला की हॅज बीन. गॉनवाला रस्त्यावर, बीनवाला दारात. कळलं?" यार्ड सुटलं, नियम सुटला नाही.

गेल्या वर्षी आळीतले एक आजोबा वारले. तिरडी बांधताना कोणीतरी 'इज नो मोर' म्हणालं. नाना सुतळीची गाठ मारता मारता पुटपुटले, "हॅज गॉन. इथे शंकाच नाय."

किराणावाला दत्तू एकदा पालीला दर्शनाला गेला. जाताना दाराला पाटी लावली, 'गॉन टू पाली'. परतल्यावर ती काढायला विसरला. नाना पायरीवर उभे.

"दत्तू, तू कुठे आहेस?"

"हा काय, तुमच्यासमोर बसलोय."

"मग गॉन कसा? बीन कर."

पाटी बदलेपर्यंत नानांनी साखर घेतली नाही. दत्तूने ते लक्षात ठेवलं.

विसर्जनाला मूर्ती पाण्यात गेली, 'पुढच्या वर्षी लवकर या' झालं. कॉलेजात जाणाऱ्या सायलीने नानांना छेडलं, "नाना, बाप्पा गॉन की बीन?"

"बीन! आपल्याकडे येऊन गेला ना!"

सगळे हसले. दत्तूला संधी मिळाली. "आनि तुमचा निलेश वो? तो तर न्यूझीलंडला गॉन!"

निलेश हा नानांचा एकुलता मुलगा. दर गणपतीला त्याचं येणं ठरतं. दर गणपतीला रजा मिळत नाही. यंदाही नाना माळ्यावरची त्याची गादी उन्हात घालून बसले होते.

नाना पाण्याकडे बघत म्हणाले, "निलेश हॅज बीन टू न्यूझीलंड."

दत्तूने टाळी वाजवली. "चुकले! नाना चुकले! बीनवाला दारात पायजे. पोरगा हाय कुठं दारात?"

नानांच्या शेजारी त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, रिकामा पाट धरून उभ्या होत्या. त्यांनी दत्तूकडे पाहिलं.

"निघताना तो 'येतो' म्हनाला व्हता, दत्तू. 'जातो' न्हाय म्हनाला."

दत्तूने हात खाली घेतले. सायलीने पाटावर तळ्यातली मूठभर वाळू ठेवली. नानांनी पाट डोक्यावर घेतला आणि दोघं घराकडे निघाले. नानांचं वाक्य कोणी दुरुस्त केलं नाही.

हे लिहितेवेळी निलेश न्यूझीलंडमध्येच आहे. गादी माळ्यावर परत गेलेली नाही.