मालनबाईची थरथर

सृष्टीचा साखरपुडा रविवारी होता आणि तिच्या आईच्या, म्हणजे मालनबाईच्या छातीत सोमवारपासूनच ताशा वाजायला लागला होता. तोही साधासुधा नाही. ती गोठ्यात शिरली की म्हैस रवंथ थांबवून तिच्याकडे टक लावून बघायची, एवढा मोठा. जेवायला बसावं तर घास तोंडात फिरून फिरून तिथंच मुक्काम ठोकायचा.

कारण उघड होतं. गेल्या साली सृष्टीचं एक जमलेलं स्थळ भर मांडवात मोडलं होतं. फेट्यांचा रंग फिका निघाला म्हणून पाहुणे बोलले, त्यावर मालनबाईचा नवरा सहादेव बोलला, त्यावर पाहुण्यांचा मामा बोलला, आणि संध्याकाळी पातेलंभर बुंदी सोनई गावात गल्लीगल्लीत वाटावी लागली. आता कर्जतचं स्थळ आलं होतं. मुलगा ओम चांगला होता, सृष्टीच्या मनात भरला होता. हे मोडायला काय निमित्त निघेल, याची मालनबाई दिवसभर मनातल्या मनात उजळणी करायची.

"तुला काय बी झालेलं न्हाई," सहादेव म्हणाला. "गॅस हाय. ओवा खा."

"ओव्याचा डबा संपिवला म्या."

"डाक्टरनं छातीची पट्टी काढली न्हवं? मशीन म्हनतंय, समदं झ्याक हाय."

"मशीनीला लेकीचा साखरपुडा करायचा न्हाई!"

शेवटी गुरुवारी सृष्टीच आईला एसटीत घालून नगरला सुनीती मॅडमकडे घेऊन गेली. मॅडम मनावर उपचार करायच्या, पण सुरुवात शरीरापासून. मालनबाईला वाटलं होतं, बाई गोळ्या लिहून देतील. बाईंनी शेळीची चौकशी सुरू केली.

"मालनताई, शेळीच्या मागं कुत्रं लागलं आणि ती त्याच्या तावडीतून सुटली, तर पुढं काय करते?"

मालनबाईनं विचार केला. "अंग झाडती. आन् मंग चरायला लागती."

"बघा! भीती अंगात शिरली, ती तिनं अंगानंच झाडून टाकली. आपण माणसं झाडत नाही, धरून ठेवतो. पाहुणे काय म्हणतील म्हणून दात आवळतो, खांदे आवळतो, श्वाससुद्धा आवळतो. मग ती आतल्या आत धडका देत बसते."

मॅडमनी तिला उभं केलं. पाय जमिनीवर घट्ट, गुडघे सैल, डोळे मिटलेले. मग गुडघ्यातून थरथर येऊ द्यायची, ती मांड्यांतून खांद्यांपर्यंत चढू द्यायची, आणि श्वास सोडताना लांबलचक 'हूंऽऽ' करायचं. मालनबाईनं लाजत लाजत केलं आणि तिला पहिल्यांदाच छातीवरचा वरवंटा कुणी जरा बाजूला सरकवल्यासारखं वाटलं.

"पन बाई, घरी करताना कुनी बघितलं तर?"

"बघू देत. त्यात लाजायचं काय?"

मॅडमचा जन्म नगर शहरातला, सावेडीतला. सोनईत शुक्रवारी सकाळी, नुकतीच न्हालेली बाई मोकळ्या केसांनी थरथरायला लागली तर पुढं काय होतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी मालनबाई न्हाली आणि ओल्या केसांनीच कांद्याच्या चाळीमागं गेली. डोळे मिटले, गुडघे सैल सोडले. थरथर आली. चांगली आली. 'हूंऽऽ' असा सूर लागला की चाळीतले वरचे कांदे गडगडत खाली आले. ताशाचा आवाज हळूहळू उतरला, आठवड्यात पहिल्यांदाच तिला भूक लागल्यासारखं झालं, आणि तिनं समाधानानं डोळे उघडले.

समोर शेजारची रंगुबाई आडवी पडली होती. पालथी, हात जोडून. तिच्या मागं चार बाया हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या.

"आई, कोन व्हय तुमी? मोहट्याची का तुळजापूरची?"

"अगं रंगू, ऊठ! मी मालन हाय. ही कसरत हाय, कसरत!"

"व्हय आई. तुमी म्हनाल ती कसरत."

"अगं, भीती वाटती म्हनून करती मी!"

"आमाला बी लई भीती वाटती, आई," म्हणत रंगुबाईनं तिच्या कपाळाला मळवट भरला. "माझी नथ गावंना. दिवाळीपासनं हुडकती."

मालनबाई वैतागली. "पिठाच्या डब्यात बघ जा!"

आता रंगुबाई चीजवस्तू पिठात पुरून ठेवते आणि मग विसरते, हे गल्लीतल्या मांजरांनासुद्धा ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या रंगुबाईला. ती घरी गेली, डब्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि पांढऱ्या हातात नथ धरून जी ओरडली ती थेट घोडेगावच्या बाजारात ऐकू गेली म्हणतात.

दुपारपर्यंत दारात रांग लागली. कुणाची म्हैस आटली होती, कुणाची बोअर. मालनबाई प्रत्येकाला हात जोडून सांगे, "बाबांनो, माझ्यात देवी न्हाई." त्यावर लोक एकमेकांकडे बघून माना डोलावत. खरी देवी कधी कबूल करते का?

ताशा दुप्पट वाजू लागला. रविवारी कर्जतचे पाहुणे येणार, आणि दारात ही नारळांची रास! ते काय म्हणतील? भीती वाढली की थरथरावंसं वाटे, थरथरलं की गर्दी वाढे, गर्दी वाढली की भीती. मालनबाई न्हाणीघरात जाऊन थरथरली, तर बाहेरून कुणीतरी उदबत्ती लावली. धान्याच्या कणगीमागं थरथरली, तर कणगीला हार पडला.

शेवटी शनिवारी सकाळी ती कुणाला न सांगता उसात शिरली. उभ्या उसात मधोमध जाऊन तिनं दोन्ही पाय रोवले आणि आठवड्याचं साठलेलं सगळं सोडून दिलं. बांधावरून बघणाऱ्यांना एवढंच दिसलं की वारा नसताना अर्धा एकर ऊस गदागदा हलतोय आणि आतून 'हूंऽऽ' असा आवाज येतोय.

"बिबट्या!"

हां हां म्हणता काठ्या आल्या, डबे आले, फटाक्यांची माळ आली. लोकांनी शेताला वेढा घातला. उसाचा पाला बाजूला झाला आणि आतून मळवट भरलेली, केसांत पाचट अडकलेली, बरीचशी शांत झालेली मालनबाई बाहेर पडली. मग एका म्हाताऱ्यानं काठी खाली ठेवली आणि गहिवरून म्हणाला, "वाहन आत उसात बांधलंया. वाघावर बसून आली माय!"

त्या दिवशी उसात जायला कुणी धजावलं नाही आणि मोबाईलवर हे कर्जतला पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही.

फोन आला. ओमचे वडील, ज्ञानेश्वरराव, मोजकंच बोलले. "उद्या आमची मंडळी जरा लवकर येनार हाय. तिला विहीनबाईंशी एकटीनं बोलायचंय."

सहादेव फोन धरून तसाच खाटेवर बसला. "मोडलं," तो म्हणाला.

सृष्टी नखं कुरतडत दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"आता एकच इलाज," सहादेव कुजबुजला. "देवी म्हनूनच बस. केस सोड, घुम, आन् सांग, हीच सून करा, न्हाईतर कोप हुईल. देवीफुडं कोन बोलतंय? सोयरीक पक्की."

"आन् लगीन झाल्यावर? आयुष्यभर घुमत बसू?"

"ते फुडचं फुडं."

रविवारी सकाळी ओमची आई, राजेश्वरीबाई, आल्या. उंच, ताठ, चेहऱ्यावरची रेष हलत नाही अशा. मांडवातली गर्दी त्यांनी पाहिली, नारळ पाहिले, चुलीवरची आमटी तशीच सोडून पाया पडायला धावलेली रंगुबाई पाहिली. त्या थेट आतल्या खोलीत गेल्या आणि मालनबाईपुढं मांडी घालून बसल्या. पदराखालून खण काढला.

"आई," त्या म्हणाल्या, "खरं सांगा. ही सोयरीक आमाला लाभंल का?"

मालनबाईच्या जिभेवर 'लाभंल' हा शब्द येऊन बसला. एवढं बोललं की काम झालं. दाराआडून सहादेवच्या खाकरण्याचा आवाज आला. सृष्टीच्या बांगड्या वाजल्या. ताशा असा सुरू झाला की फळीवरची भांडी किणकिणली. आणि मालनबाईनं पाय जमिनीला घट्ट टेकवले, लांब श्वास सोडला.

"विहीनबाई, तो खण ठेवा आत. माझ्यात कंची बी देवी न्हाई. मला भ्या वाटतं. गेल्या साली पोरीचं मोडलं, तवापासनं छाती धडधडती. नगरच्या बाईंनी थरथरायला सांगितलंय, ते मी करती. लोकांनी त्याची देवी केली. आता तुमाला मोडायचं आसंल तर मोडा. पन खोटं बोलून पोरगी न्हाई द्यायची मला."

राजेश्वरीबाई उठल्या. दाराकडे गेल्या. मालनबाईनं डोळे मिटले. कडी वाजली. उघडली नव्हती, आतून लावली होती.

"मालनबाई," राजेश्वरीबाईंचा आवाज एकदम बारीक झाला होता, "सोयरीक ठरल्यापासनं माझा डोळ्याला डोळा न्हाई वो."

"आँ?"

"माझ्या सासूनं मला लई जाच केला. मी नवी नवरी आसताना परसात जाऊन रडायची. आता सून येनार म्हनल्यावर रोज वाटतं, मी बी तशीच निघाले तर? हे आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हनतात, गॅस हाय."

"ओवा खा म्हनले आस्तील."

"व्हय! तुमाला कसं कळलं?"

मग राजेश्वरीबाईंनी पदर खोचला. "ते थरथरायचं दावा मला."

"गुडघं सैल सोडा. दात नका आवळू. हां, श्वास सोडताना आवाज काढा. लाजू नगा."

"हूंऽऽ."

"मोठ्यानं!"

बाहेरच्या मांडवात आधी बांगड्या ऐकू आल्या, मग दोन सुरांतला हुंकार, मग फळीवरचं एक पातेलं खाली आलं. मंडळी ताडकन उभी राहिली.

"दुसरी बी आली!" रंगुबाई ओरडली. "सोनईची आन् कर्जतची भेटली!"

मागोमाग पोचलेल्या ज्ञानेश्वररावांनी येताना दोनचार गोष्टी बोलायचं ठरवलं होतं. खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या, स्वागताला गुलाबपाणी नव्हतं. ते सगळं त्यांनी जागच्या जागी गिळलं आणि टोपी काढून हात जोडले. बायकोच्या अंगात हे काय आहे, हे इतकी वर्षं आपल्याला कळलं नाही, या विचारानं त्यांना घाम फुटला होता. सहादेवनं तर व्याह्यांच्या पायाखालच्या सतरंजीची चुणी स्वतःच्या हातानं सरळ केली.

साखरपुडा असा पार पडला की नेवासे तालुक्यात तशी शांतता अंत्यविधीलासुद्धा कुणी पाहिली नसेल. विहिणी तेवढ्यापुरत्या बाहेर आल्या, अंगठ्या झाल्या, ओम आणि सृष्टी एकमेकांकडे बघून चोरून हसले, फेट्यांकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. पंगत बसली. पहिला घास घेतला आणि पंगतभर सगळ्यांचे जबडे क्षणभर थांबले. मग पुन्हा चालू झाले. ज्ञानेश्वररावांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावलं आणि म्हणाले, "वा! आमटी काय झालीया!"

"तुमच्या पायगुनानं," सहादेव म्हणाला आणि त्यानंही घोट कसाबसा खाली ढकलला.

तेवढ्यात, पुन्हा एकदा आत थरथरायला गेलेल्या दोघी विहिणी हसत बाहेर आल्या. केस विस्कटलेले, गाल लाल, आणि दोघींना कडकडून भूक लागलेली. त्यांची पानं शेजारीशेजारी मांडली. अख्खी पंगत हात थांबवून बघत राहिली. मालनबाईनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास तोंडात टाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"अगं रंगू, हिच्यात मीठच न्हाई!"

मांडवात कुणी श्वास घेईना. सहादेवनं डोळे मिटले. गेल्या सालची बुंदी त्याला समोर दिसायला लागली.

राजेश्वरीबाईंनी एक घास घेतला, विचार केला, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आवो, आन् तुमी वा वा कशाला म्हनताय?"

"मीठ!" ज्ञानेश्वरराव एवढ्या जोरानं ओरडले की त्यांची टोपी आमटीत पडली. "आरं, कुनीतरी मीठ आना रं!"

आणि मग दोनशे माणसांनी एकदम, पोटातून, मोकळ्या गळ्यानं मीठ मागितलं.