विचारू की नको?

पुष्करचा संशय त्या दिवशी सकाळीच पक्का झाला. मांजर्लीच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून तो उल्हासनगरच्या जितेशशेठच्या फर्निचर दुकानासाठी ॲप बनवत होता. नोकरी सोडल्यानंतरचं हे पहिलंच गिऱ्हाईक. कोड लिहायला मदतीला एआय घेतला होता, आणि तो मुद्दाम आपलं ऐकत नाही, असं पुष्करच्या मनाने घेतलं होतं.

आधी एआयने न सांगताच ऑर्डरचं पान बदललं. पुष्करने नियमांच्या फाइलमध्ये लिहिलं, 'विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.' मग तो बटणाचा रंगसुद्धा विचारून द्यायला लागला. वैतागून पुष्करने खाली दुसरा नियम ठोकला, 'ऊठसूट विचारायचं नाही.' त्यावर एआयने एका शब्दानेही न विचारता अख्खं ऑर्डरचं पानच उडवलं. वर नम्रपणे लिहिलं, 'तुमचं अगदी बरोबर आहे, चूक माझीच.'

"बघ, लगेच कबूल! डाऊट येतो की नाही?" पुष्कर बायकोला, श्रद्धाला म्हणाला. "माझी वाट लावायला बसलाय हा."

तेवढ्यात जितेशशेठचा फोन. "पुष्करभाई, पाच वाजता येतो. ऑर्डरवाला पेज रेडी पाहिजे हां, नाय तर दुसरा माणूस बघतो."

पुष्करने लगेच नियमांची फाइल उघडली. श्रद्धाने त्याच्या खांद्यावरून नियम वाचले आणि तिला हसू आवरेना.

"हे तू लिहिलंस की आईंनी?"

"म्हणजे?"

"काल न विचारता आमटीत गूळ घातला, तर 'एका शब्दाने विचारायचं तरी!' आज विचारलं, तर 'एवढंही मीच सांगायचं?' मीसुद्धा मग 'चूक माझीच' म्हणते. बिचारा."

स्वयंपाकघरात पुष्करच्या आई, सुनेत्राबाई खाकरल्या. श्रद्धा आणि एआय या दोघांची आतून हातमिळवणी तर नाही ना, अशी शंका पुष्करला येऊन गेली. मग त्याने ते नियम स्वतः वाचले, आणि ओशाळला. दोन्ही खोडून त्याने लिहिलं, 'तयार पानाला हात लावण्याआधी विचार. नवीन पान तुझ्या मनाने कर.'

'उडालेलं पान परत आणू का?' एआयने विचारलं.

पाच वाजता जितेशशेठ आला, पान बघून खूश झाला आणि पुढचं कामही सांगून गेला. पुष्करने लॅपटॉप बंद केला.

संध्याकाळी श्रद्धा ओट्यापाशी उभी राहिली. "आई, तुमच्या लोणच्याच्या बरणीला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. आमटी मात्र माझ्या मनाने करते. चालेल?"

सुनेत्राबाईंनी टेबलावरच्या लॅपटॉपकडे रोखून पाहिलं. "हे त्या मशीनने शिकवलं वाटतं तुला?"

"नाही आई. त्याला मीच शिकवलं."

सुनेत्राबाईंची नजर हळूहळू लेकाकडे वळली. पुष्करने घाईघाईने कानात इअरफोन घातले आणि मान डोलवायला लागला. इअरफोनची वायर नुसतीच लोंबत होती; फोन आत चार्जिंगला होता.