वाक्यात उपयोग

आमच्या ऑफिसात फ्रेजल व्हर्ब माझ्याइतकी कुणालाच येत नाहीत. ही बढाई नाही. ऑफिसात आम्ही सात माणसं, त्यातल्या सहांना ही भानगड काय असते तेच माहीत नाही, आणि सातवा मी.

तुम्ही म्हणाल, क्रियापदाला काय घाबरायचं? अहो, साधं 'लुक' घ्या. एकटं असतं तोवर किती गरीब! नुसतं बघतं बिचारं. त्याच्या मागे 'आफ्टर' लावलात की ते सांभाळायला लागतं, 'फॉर' लावलात की शोधायला लागतं, आणि 'डाउन ऑन' लावलात की थेट तुच्छ लेखायला लागतं. लग्नानंतर आमचा एक मित्र असाच ओळखू येईनासा झाला होता.

ही उठाठेव मी हौसेनं केली नाही. आमची फरश्यांची कंपनी. परदेशी गिऱ्हाइकं वाढली तसं साहेबांनी जाहीर केलं, "परीक्षा घेणार. फोनवर जो नीट इंग्रजी बोलेल त्याला एक्स्पोर्टचं टेबल. आणि इथली एक जागा कमी होतेय, तेव्हा एकाला गोदामावर जावं लागेल." इंग्रजीत तेव्हा सगळ्यात कच्चा मीच, त्यामुळे तो एक कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. गोदाम दुसऱ्या गावी, एका दिवसाच्या प्रवासावर. राहायला पहारेकऱ्याच्या खोलीत अर्धी जागा. तिथे बाबांना नेणार कुठे? आणि इथे ठेवणार कुणाच्या भरवशावर?

घरात आम्ही दोघंच. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आई गेल्यापासून ते खिडकीशी बसून असतात. संध्याकाळी मी आलो की म्हणतात, "आलास?" मी म्हणतो, "हं." मग मी इंग्रजी काढून बसतो. एकदा त्यांनी विचारलं, "एवढं काय पाठ करतोस रे?" मी म्हटलं, "बाबा, आत्ता नको. तुमच्यासाठीच चाललंय सगळं." ते परत खिडकीकडे वळले.

मी इंग्रजीचा क्लास लावला होता, तिथल्या मास्तरांची पद्धत मोठी कडक. वाक्य आपल्या घरातलंच हवं. पुस्तकातला टॉम आणि त्याची सायकल डोक्यात राहत नाही, स्वतःच्या घरातलं दूध संपलं की बरोबर लक्षात राहतं. या पद्धतीत मी माझी एक सुधारणा केली. परीक्षा फोनवर, तर सरावही फोनवरच! जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की मी रिसीव्हर कानाला लावायचो आणि पलीकडे कुणी नसताना मोठ्यानं बोलायचो.

त्या दिवशी रंगात आलो होतो. "वी हॅव रन आउट ऑफ मिल्क," म्हटलं. "आय कॅनॉट पुट अप विथ इट," म्हटलं. मग 'पास अवे' आलं. नियम घरातल्या माणसाचा, आणि घरात माणूस एकच. "माय फादर पास्ड अवे धिस मॉर्निंग," मी म्हटलं. उच्चार मनासारखा होईना म्हणून चारदा म्हटलं. मास्तर म्हणतात भाव हवा, म्हणून चौथ्यांदा आवाज थोडा कापरा केला. लगेच पुढची दोन घेतली, "आय विल गेट ओव्हर इट. लाइफ मस्ट गो ऑन."

रिसीव्हर ठेवून वळलो तर दारात हिशेबाच्या बाई उभ्या, हातात धुतलेला डबा, आणि डोळे भरलेले. माझं इंग्रजी इतकं काळजाला भिडेल असं मला वाटलं नव्हतं. मी विनयानं मान खाली घातली.

थोड्या वेळानं साहेब आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नोकरीला लागल्यापासून असं कधी घडलं नव्हतं.

"तुम्ही घरी जा," ते म्हणाले.

"साहेब, अजून ब्रेक डाउन राहिलंय."

"ते घरी जाऊन करा. मनात दाबून ठेवू नका."

अभ्यासासाठी सुट्टी देणारा साहेब मी प्रथमच पाहत होतो. बाहेर पडताना सगळे उठून उभे राहिले. मला वाटलं, निकाल लागलाच.

संध्याकाळी दाराची बेल वाजली. मी आत तोंड धूत होतो, बाबांनी दार उघडलं. टॉवेल घेऊन बाहेर येतो तो साहेब, बाई आणि त्यांच्यामागे त्या दिवशी कामासाठी इथे आलेले गोदामाचे मॅनेजर, हातात फळांची पिशवी. साहेबांनी बाबांचे दोन्ही हात धरले होते.

"आपण त्यांचे भाऊ ना? चेहऱ्यावरूनच कळतं. फार वाईट झालं."

"कुणाचं?" बाबांनी विचारलं.

"मी स्वतःच्या कानांनी ऐकलं," बाई म्हणाल्या. "फोनवर कुणाला तरी सांगत होते. माय फादर पास्ड अवे. चारदा सांगावं लागलं हो बिचाऱ्यांना."

मी तोंड उघडलं, पण साहेबांनी हात वर केला. "काही बोलू नका. परीक्षा वगैरे विसरा. टेबल तुमचं. अशा वेळी तुम्हाला गोदामावर धाडायला आम्ही काय राक्षस आहोत?"

"साहेब, त्याचं असं आहे—"

"थांब," बाबा मला म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "म्हणजे हा आता गोदामावर जाणार नाही?"

"मुळीच नाही."

"इथेच राहील?"

"शब्द देतो."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश खुर्चीत बसले. "बसा सगळे," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ होता."

"सगळं आवरलंतसुद्धा?" मॅनेजरनी इकडे तिकडे बघत विचारलं.

"त्याला पसारा आवडायचा नाही," बाबा म्हणाले.

मी टॉवेल हातात घेऊन उभाच. सांगून टाकावं तर गोदाम, न सांगावं तर बाप गेलेला. साहेबांनी विचारलं, "करायचे काय ते?" तेव्हा मला कळलं की ऑफिसात मी बाबांबद्दल कधी एक शब्द काढलेला नाही. बाबांनी मात्र सांगितलं. भावानं कुठल्या कुठल्या इमारतींच्या लिफ्ट बसवल्या. बायकोच्या आजारपणात उंचावरच्या कामाची भीती वाटायला लागली आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. म्हातारपणी त्याला संध्याकाळी दारात किल्ली वाजली की बरं वाटायचं.

"आणि मग?" बाईंनी विचारलं.

"मग काही नाही. मुलगा थकलेला असायचा."

ते गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, उद्या जाऊन सगळं खरं सांगतो."

"आणि गोदामावर जाशील. मग मी जिवंत राहून इथे करू काय?" असं म्हणून ते फळं धुवायला गेले.

तर आता एक्स्पोर्टचं टेबल माझ्याकडे आहे. दिवसभर 'कॉल बॅक' करतो, 'सॉर्ट आउट' करतो, सगळं अस्खलित. पंचाईत फक्त रविवारी होते. बाईंना काकांचा लळा लागलाय. त्या दर रविवारी त्यांना भेटायला येतात, आणि बाबा त्यांना आपल्या दिवंगत भावाच्या गोष्टी सांगतात. मी चहाच्या निमित्तानं आत उभा राहून ऐकतो. बाबांना पोहता येतं हे मला असंच कळलं. आईला पहिल्यांदा त्यांनी बंद पडलेल्या लिफ्टमधून बाहेर काढलं होतं, हेही.

परवा चहा घेऊन बाहेर गेलो तर बाबा चक्क हसत होते. बाई म्हणाल्या, "किती छान बोलतात हो काका! तुमचे वडीलही असेच बोलके होते का?"

माझ्या हातात ट्रे होता. बाबा माझ्याकडे बघत होते. मला उत्तर देता आलं नाही. मराठीतसुद्धा.