बेखमीर सणाची दक्षता समिती

स्वतःचा धर्म पाळायला वेळ लागतो, पैसा लागतो आणि घरातल्यांची संमती लागते. शेजाऱ्याचा धर्म पाळायला नुसती तळमळ पुरते. बोईसर स्टेशनामागच्या आमच्या चाळीत १९६६ साली ती मुबलक होती.

चाळीत बिऱ्हाडं अकरा. तारापूरला वीजप्रकल्पाचं बांधकाम निघाल्यामुळे नांदेडपासून साताऱ्यापर्यंतची माणसं तिथे येऊन पडली होती. त्यांत ज्यू बिऱ्हाड एकच: दवाखान्यातल्या नर्स हन्नाबाई झिराडकर, मूळच्या अलिबागकडच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या पेसाह सणाच्या पथ्यपाण्याचे जाणकार मात्र प्रत्येक बिऱ्हाडात निघाले (अपवाद, हन्नाबाईंचं).

त्या वर्षी सणाच्या पहिल्या संध्याकाळचं जेवण हन्नाबाईंना फार जिव्हाळ्याचं होतं. त्यांचा थोरला भाऊ एलोजी महिन्याभरात कायमचा इस्रायलला जाणार होता. बहीणभावानं एकत्र सण करायची बहुधा ही शेवटचीच वेळ. म्हणून त्यांनी खोलीला चुना काढला, भांड्यांना कल्हई करून घेतली आणि ड्युटी सांभाळून आठवडाभर चार शेर तांदूळ तीन-तीनदा निवडला, चुकून गव्हाचा दाणा राहून भातात आंबू नये म्हणून.

आम्ही चौकशी केली. बाई म्हणाल्या, "आठ दिवस खमीर नाय. पाव नाय, बिस्कीट नाय. आंबून फुगलेलं काय पण घरात नको." एवढं सांगून त्या ड्युटीवर गेल्या.

इतक्या मोठ्या सणाला इतके थोडे नियम पाहून आम्हाला काळजी वाटली. लगेच समिती नेमली. अध्यक्ष नागोराव (प्रकल्पाच्या गोदामात कारकून, मागितलेली वस्तू न देण्याचा दीर्घ अनुभव). सल्लागार गोजराबाई (वार्षिक उपास सत्त्याहत्तर, पैकी उपाशी राहिल्याची नोंद नाही). चिटणीस मी.

पहिल्या बैठकीत पाववाल्याला गल्ली बंद झाली. त्यामुळे दहा बिऱ्हाडांची पोरं सकाळी नुसत्या चहावर शाळेत गेली, पण त्यागाशिवाय धर्म टिकत नाही. दुसऱ्या बैठकीत आंबोळी, ताडी आणि (कोणी करत नसतानाही) ढोकळा बाद झाला. तिसऱ्या बैठकीत मूलभूत प्रश्न निघाला. पदार्थ वर्ज्य आहेत, म्हणजे हा उपास. मग उपासाला भात चालतो का?

"चालंल कसा?" गोजराबाई म्हणाल्या. "एक शीत पोटात गेलं तरी मोडतोय उपास!"

शिवाय तांदूळ शिजला की तिप्पट फुगतो, हे नागोरावांनी वाटी मांडून सिद्ध केलं. निर्णय एकमतानं झाला. (हन्नाबाईंना बैठकीला बोलावलं नव्हतं, कारण या विषयात त्यांचे हितसंबंध गुंतलेले होते.)

सणाच्या दिवशी दुपारी हन्नाबाई भावाला आणायला पालघरला गेल्या. खोलीची किल्ली विश्वासानं गोजराबाईंकडे असे. समितीनं तांदळाचं गाठोडं जप्त केलं आणि डोंगराकडून बांधकामावर पाट्या वाहायला आलेल्या राहीबाईला पुण्य म्हणून देऊन टाकलं. त्या जागी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस आणि दाण्याची आमटी अशी अस्सल ज्यू व्यवस्था केली.

हन्नाबाई आल्या, रिकामी जागा बघितली आणि मटकन खाली बसून रडू लागल्या. "आता दुसरा आणायचा कधी नि निवडायचा कधी? सणाचा दिवा लावायची वेळ झाली." एलोजी हळूच म्हणाले, "राहू दे, हन्ना. बिनखमिराची भाकर हाय ना, तेवढी पुरे." आम्हाला खरोखर वाईट वाटलं. एवढ्या सेवेनंतर माणसानं रडावं, हे शेजारधर्माला शोभत नाही.

तेवढ्यात राहीबाई दारात उभी राहिली. डोक्यावर तेच गाठोडं.

"बाय, यो तांदूळ तुजा ना? घरी नेऊन सोडून बगितला. खडा नाय, तूस नाय. येवढा निवडलेला तांदूळ कोन कुनाला देतो? म्हनलं, कुनीतरी सनाला ठेवला आसंल, नि चाळीत आज सन तुजाच."

हन्नाबाईंनी तिचे हात धरले आणि जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भात शिजला. एलोजींनी तो तीनदा मागून घेतला. हन्नाबाई वाढताना हसत होत्या आणि मधूनच पदरानं डोळे टिपत होत्या.

समितीनं हा सगळा प्रकार अंगणातून पाहिला आणि तिथल्या तिथे निषेधाचा ठराव केला. हन्नाबाईंनी प्रतीवर "मिळाली" अशी सही करून दिली आणि आम्हाला पानभर भात पाठवला. तो चांगला झाला होता.

भात चालतो की नाही, हा प्रश्न समितीपुढे अजून आहे. वाचकहो, इथवर येईपर्यंत आपणही त्यावर मत बनवलंच असेल. तेव्हा सभासद म्हणून आपलं नाव आम्ही घालून टाकलं आहे. अर्जाची गरज नाही. आपल्याला कोणी विचारलेलं नसावं, एवढी एकच अट आहे.