अर्जामागे टाचलेला कागद

"अहो, अर्ज लिहिताय की दुखवटा?" बायकोने कागद खेदरावांपुढे आपटला.

सुरुवातच होती, 'कळवण्यास अत्यंत खेद वाटतो की, मला नोकरीचा अनुभव नाही.' खेदराव ओशाळले. त्यांचाही तसा दोष नव्हता. एका मोठ्या कचेरीत एकतीस वर्षं ते नोकरीच्या अर्जांना नकार लिहीत होते. होकार लिहिणारं टेबल वरच्या मजल्यावर होतं आणि तिथवर त्यांची बढती कधी पोचली नाही. कचेरीने ठेवलेलं 'खेदराव' हे नाव मात्र निवृत्तीनंतरही त्यांच्या मागे घरापर्यंत आलं.

आता मुलं आपापल्या संसाराला लागली होती आणि जवळच्या शाळेला शिवणकाम शिकवायला बाई हवी होती. बायकोने गल्लीतल्या निम्म्या मुलींना शिवण शिकवलं होतं, तेही फुकट.

"आई झाले, वहिनी झाले, काकू झाले," ती म्हणाली. "एकदा कुणीतरी मला 'बाई' म्हणावं, एवढंच वाटतं. जमणार नसेल तर तसं सांगा."

खेदरावांनी तो कागद फाडला आणि कोरा पुढे ओढला.

"जमणार नाही कसं? कोणते अर्ज टोपलीत जातात ते मला नाही तर कुणाला ठाऊक? 'मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे' असं लिहायचंच नाही. ते चोरही लिहितात. तू काय केलंस ते सांग."

"मी काय केलं डोंबल! ती समोरची डावखुरी पोरगी नव्हती का? तिच्या हातात कुणी कात्री देईना. मग आधी मी डाव्या हाताने कापायला शिकले आणि मग तिला शिकवलं. महिनाभर घरातलं एक फडकं सरळ नव्हतं."

"हेच!" म्हणत खेदरावांनी तेच लिहिलं. एका पानात, साध्या शब्दांत. बायकोने वाचलं आणि नाक ओढलं.

"ही मी आहे?"

"हीच तू."

ती पाकीट आणायला आत गेली आणि तेवढ्यात घात झाला. कचेरीचा रिवाज असा की साहेबांपुढे अर्ज ठेवताना मागे उत्तर तयार टाचायचं, साहेबांनी नुसती सही करायची. खेदरावांचं मन 'ही मी आहे?'पाशी घुटमळत होतं, पण हात सवयीने चालत राहिला. त्याने दुसरा कागद ओढला, सुबक अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि टाचणी लावली.

आठव्या दिवशी शाळेचं उत्तर आलं. बायकोने ते वाचून घडी घातली आणि भाजी चिरायला घेतली.

"नाही म्हणाले," ती हळूच म्हणाली. "अक्षरसुद्धा अगदी तुमच्यासारखं आहे हो. नकार देणारे सगळे असंच लिहितात का?"

खेदरावांनी घडी उलगडली. शब्द त्यांचे, अक्षर त्यांचं, फक्त सही आणि शिक्का शाळेचा. तडक शाळा गाठून त्यांनी मुख्याध्यापिकांपुढे सगळा गुन्हा कबूल केला.

"अहो, साठ अर्ज आले होते," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "एकाच्याच मागे उत्तर तयार होतं. मला वाटलं, आमच्या लेखनिकाने वाचून ठरवलंय."

"म्हणजे अर्ज कुणी वाचलाच नाही?"

मुख्याध्यापिकांनी गठ्ठ्यातून अर्ज शोधला आणि वाचला. मग शेवटापासून पुन्हा मधल्या ओळीवर आल्या.

"आमच्याकडे तीन डावखुऱ्या मुली आहेत," त्या म्हणाल्या. "शिवणाच्या तासाला तिघी फळा पुसत बसतात. सोमवारपासून येतील का बाई? हा घ्या कागद. तुमचं अक्षर चांगलं आहे, पत्र तुम्हीच लिहा, मी सही करते."

खेदरावांनी पेन उचललं. हात आपोआप 'खेद'कडे वळला. त्यांनी तो कागद चुरगळला आणि दुसऱ्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, 'कळवण्यास आनंद वाटतो' असं लिहिलं. चष्मा पुसला आणि पुढे लिहीत सुटले. पान भरलं, उलटलं, तेही भरत आलं.

"अहो, नेमणुकीला दोन ओळी पुरतात," मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या.

"पुरत नाहीत हो, मॅडम," मान वर न करता खेदराव म्हणाले आणि त्यांनी आणखी एक कागद मागितला.