माझ्या घरचे मासे

माझ्या घरातून गेलेलं भांडं रिकामं परत येत नाही आणि माझ्या घरात आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. हा सासूबाईंनी घालून दिलेला नियम. (त्यांचे बाकीचे नियम मी त्यांच्या हयातीतच मोडले, हा एवढा एक बरा होता.) लोणच्याच्या बरणीतून गूळ जातो, गुळाच्या डब्यातून शेंगा येतात, आणि हा फेरा निपाणीपासून सदलग्यापर्यंत वर्षानुवर्षं चालू आहे. तर एक दिवस मी ठरवलं, की पेन ड्राइव्ह हेही एक भांडंच आहे. बस, एवढंच ठरवलं. पुढं जे झालं त्यात माझा दोष किती, ते तुम्ही ठरवा. माझ्या मते फारसा नाही.

मी सोयरिकी जमवते. आमच्या जैन समाजात निपाणी-चिकोडी भागात कुणाचं आजोळ कुठलं आणि कुणाच्या चुलत्याची मेव्हणी कुठं दिलीय, हे विचारायचं तर मला. पूर्वी सगळं डोक्यात होतं, आता कंप्युटरमध्ये आहे. (डोक्यातही आहे, पण डोक्यातला फोटो लोकांना दिसत नाही.) माझी शाळा चौथीत सुटली. कंप्युटर मला कुणी शिकवला नाही. मुलानं ऑफिसातला जुना कंप्युटर घरी आणला आणि म्हणाला, "आई, ह्याला हात लावू नको." त्याच दिवशी शिकले.

आता तो कंप्युटर म्हातारा झालाय. बटण दाबायचं, चहा टाकायचा, प्यायचा, कप विसळायचा, तोवर तो 'कोण आलंय' असं बघत उठतो. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो. मधेच झोपला तर डाव्या अंगाला एक चापट मारायची. उजव्या अंगाला मारली तर रुसतो.

"आत्ती, ह्याला भंगारात घालूया की ओ," आमची सून ऋतिका दर अमावस्येला म्हणते. "सगळं मोबाइलवर होतंय."

"मग मलाबी घाल. मी त्याच्यापेक्षा जुनी हाय."

"तुम्ही लवकर चालू होता," ती म्हणते. (सून हुशार आहे. मीच शोधली.)

कंप्युटरवर माझा जीव असण्याचं आणखी एक कारण म्हणजे मासे. एकदा इंटरनेटनंच आपणहून विचारलं, पडद्यावर पोहणारे मासे फुकट हवेत का? आमच्या घरात मासा ताटात कधी आला नाही, पण काचेमागं सुखानं पोहणारा मासा बघायला कुणाची ना असणार? मी हो म्हटलं. कंप्युटर पुनःपुन्हा विचारत होता, नक्की का, नक्की का? मला असं विचारलेलं आवडत नाही. सगळ्याला हो म्हणून टाकलं. तेव्हापासून मी जरा हात थांबवला की पडद्यावर लाल, पिवळे, निळे मासे फिरायला लागतात. त्यातला एक तर अगदी आमच्या ह्यांच्यासारखा आहे. तोंड उघडतो, पण बोलत काही नाही.

माझा पेन ड्राइव्ह लाल रंगाचा आहे. दृष्ट लागू नये म्हणून त्याला काळा दोरा बांधलाय. त्यात स्थळं घालून मी गावोगावी पाठवते. बसमध्ये कुणी ना कुणी ओळखीचं सापडतंच. लोक बघतात, उतरवून घेतात आणि परत पाठवतात. सगळ्यांना मी बजावून ठेवलं होतं, "रिकामा परत पाठवायचा न्हाय. आपल्यात तशी पद्धत न्हाय." सुरुवात अर्थात माझ्यापासून केली. लोकांनीही पद्धत पाळली. कुणी बारशाचे फोटो घातले, कुणी आरत्या. एकीनं तर गाभण म्हशीचा फोटो घातला. मला इतकं समाधान वाटलं की विचारू नका. सासूबाई असत्या तर... असो. कंप्युटरला त्यांनी हातच लावू दिला नसता.

आता मुख्य गोष्ट. सदलग्याच्या शालनचा मुलगा वृषभ. बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरीला. सोन्यासारखा मुलगा, सुपारीसुद्धा खात नाही. फक्त लाजाळू. मुलगी बघायला गेला की खाली मान घालून पोह्यांकडं बघतो. पोहे पसंत पडतात, मुलगी राहून जाते. अशा मुलासाठी मी गळतग्याच्या बाळगोंडांची सोनल काढली. फोटो बघून वृषभ हसला. शालननं मला फोन करून सांगितलं, "आक्का, पोरगं हसलं ओ!" तिला रडू आवरेना.

बाळगोंडा मुलाची माहिती बघायला माझ्याकडं आले. माणूस भला, पण कडक. पत्त्यांचं नाव काढलं तरी उठून जाणारा, कारण थोरल्या भावानं पत्त्यांत ट्रॅक्टर घालवला होता. मी चहा दिला, डाव्या अंगाला चापट मारली, वृषभचा फोटो पडद्यावर आणला. निळा शर्ट, सरळ भांग, डोळ्यांत सज्जनपणा. आणि त्याच क्षणी त्याच्या हनुवटीखालून चार एक्के वर आले. मागोमाग झगमगीत कपड्यांतली एक बाई आली आणि वृषभच्या खांद्याशी उभी राहून म्हणायला लागली, 'या, रमी खेळा!'

बाळगोंडांचा कप हवेतच थांबला.

"हे काय ओ आक्का?"

"काय न्हाय, जाहिरात हाय."

"पोराच्या फोटोत?"

"फोटोत न्हाय ओ, वर आलीया." मी ती बाई घालवायला गेले, तर तिनं आणखी दोन बहिणी बोलावल्या. वृषभ पार झाकला गेला. एक कान तेवढा दिसत होता.

"बाई कोण ही?"

"मला काय ठावं? आमच्यातली न्हाय!"

बाळगोंडा उठले. "आक्का, तुमचा मान हाय म्हणून गप बसतो. चिकोडीच्या मालुबाईकडं टॅबलेट हाय. तिथं असलं काय निघत न्हाय."

मालुबाई! जिला स्वतःच्या जावयाचं आजोळ सांगता येत नाही, ती! माझ्या अंगाची आग झाली. त्यात शालनचा फोन. "आक्का, पोरगं जेवंना झालंय. आयुष्यात पत्त्याला हात लावला न्हाय ओ त्यानं."

मी बाळगोंडांना फोन केला. "रविवारी सोनलला घेऊन या. पत्ते पोरगा खेळत न्हाय, मशीन खेळतंय, हे सगळ्यांसमोर दाखवते. आणि ज्या घरातनं ही घाण माझ्याकडं आली, त्या घरच्या बाईनं हात जोडून माझी माफी मागायची. सोडणार न्हाय मी तिला."

"येतो," ते म्हणाले. "पर शेवटचं."

मग बसस्टँडजवळच्या भरमूला विचारलं. भरमू पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता कंप्युटर करतो. दोन्ही वेळा तोंडानं सारखं बडबडत असतो. तो म्हणाला, "व्हायरस हाय, आक्का. पेन ड्राइव्हवर बसून गावं फिरत असंल. कुठनं आला कुणाला म्हायती!"

कुणाला म्हायती? मला! चार पिढ्यांचं नातं बसल्या जागी उलगडणारी बाई मी, मला एका व्हायरसचं कूळ सापडणार नाही? फोन घेऊन बसले.

बोरगावच्या नणंदेला आधी लावला. "पेन ड्राइव्हमध्ये काय घातलंतीस गं?"

"लोणच्याचा व्हिडिओ, वैनी. रिकामा कसा पाठवायचा? आणि तुमचे मासे आले ते लई गोड हैत बघा."

"माशांचं ऱ्हाऊ दे. तुझ्या कंप्युटरवर रमीवाली बाई येतीया का?"

"व्हय की ओ! आम्ही म्हटलं, कुणाचं तरी स्थळ हाय."

हिला संशयितांत घातलं आणि बेडकिहाळच्या मामेबहिणीला गाठलं. तिनं आरत्या घातल्या होत्या. तिचे सासरे मात्र माझ्यावर रागावले होते. "मासे बघून म्हणाले, जैनाच्या घरातनं जैनाच्या घरात मासे धाडत्यात व्हय? मी सांगितलं, मामंजी, जित्ते हैत, पोहायलेत."

"शाबास. आणि ती बाई?"

"ती माशांच्या मागनं आली."

मी म्हटलं, हीही संशयित. म्हशीवालीला लावला. ती म्हणाली, मासे छान आहेत, फक्त ते आल्यापासून कंप्युटर चालत नाही. एवढ्या घरांत आपल्या माशांचं कौतुक ऐकून मला जरा बरं वाटलं. बाकी सगळ्या जणी एकमेकींवर ढकलत होत्या. शेवटी मी मनाशी पक्कं केलं, की हे म्हशीवालीचंच काम. तिचं आजोळ मला पहिल्यापासून पटलेलं नाही.

रविवारी घर भरलं. बाळगोंडा आणि सोनल एका बाजूला, शालन आणि वृषभ दुसऱ्या बाजूला, मधे कंप्युटर. म्हशीवालीलाही मी 'जेवायला ये' म्हणून बोलावून ठेवलं होतं. आरोपी हाताशी असलेला बरा. वृषभ पोह्यांकडं बघत होता. ऋतिका दारात हाताची घडी घालून उभी.

भरमूनं कंप्युटरचं पत्र्याचं झाकण काढलं. "आयो आक्का, पंखा दिसंना झालाय! जरा हवा मारतो." आणि पिशवीतून ब्लोअर काढून त्यानं तो सुरू केला.

आता एक सांगायचं राहिलं. आमच्या घरामागं तंबाखूची वखार आहे. (सासऱ्यांच्या वेळेपासूनची. माझं काही चालत नाही.) तिथली भुकटी वाऱ्यानं घरभर फिरते आणि तो म्हातारा कंप्युटर इतकी वर्षं ती पंख्यानं आत ओढून घेत बसला होता. ती सगळी एकदम बाहेर आली.

पहिली शिंक भरमूची. मग शालनची. मग बाळगोंडांची अशी काही शिंक आली, की त्यांची टोपी उडून माझ्या पोह्यांत पडली. म्हशीवाली शिंकत शिंकत देवाचं नाव घ्यायला लागली. आमचे हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्यानं काही बोलले, तेही "आक् छी". मी ओरडत होते, "बंद कर रं ते! बंद कर!" पण शिंकेत शब्द कुठले उमटायला? भरमूला वाटलं, मी 'आणखी मार' म्हणतेय. त्यानं आणखी मारली.

त्या धुळीत मला दिसलं, की सोनल शिंकली की वृषभ शिंकतोय आणि वृषभ शिंकला की सोनल. मग ती हसली. मग तो हसला. आणि मान वर करून, डोळ्यांतून पाणी गाळत, त्यानं चक्क मुलीकडं बघितलं. पोहे तसेच राहिले.

"पुसा," सोनलनं रुमाल पुढं केला.

"तुम्ही पुसा आधी," वृषभ म्हणाला. शालननं माझा हात घट्ट धरला. तिच्या मुलानं मुलीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

धूळ बसली. भरमूनं झाकण लावलं, व्हायरस शोधायचा प्रोग्रॅम चालवला. पंख्याचा आवाज येईना, तेव्हा मला वाटलं, गेला म्हातारा. पण तो पोरासारखा भराभर चालत होता. पडद्यावर पट्टी सरकत गेली आणि थांबली.

"सापडला!" भरमू म्हणाला. "बघा बाळगोंडाण्णा, पोराचा काय संबंध न्हाय. रमीवाली ह्याच्या पोटात लपलीया."

"कुणाच्या?" मी म्हशीवालीकडं बघत उठले.

"ह्या माशाच्या."

"कुठल्या माशाच्या?"

"हेच की, पोहतात ते. पेन ड्राइव्हवर सगळ्यात आधी हेच आलेत. बाकीची लोणची, आरत्या, म्हसरं, सगळी मागनं."

 मग शालन भीत भीत म्हणाली, "आक्का, मासे तर तुम्हीच घालून दिलता. रिकामा कसा पाठवायचा म्हणून."

म्हशीवालीनं पदरानं तोंड पुसलं आणि खुर्चीत नीट सरकून बसली. बाळगोंडांनी पोह्यांतली टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. "आक्का, ज्या घरातनं घाण आली, त्या घरच्या बाईनं तुमची माफी मागायची, असं ठरलंतं न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. दिलेला शब्द मी फिरवत नाही.

तेवढ्यात आमचे हे उठले. आत गेले. भिंतीवरचा आरसा काढून आणला आणि माझ्यापुढं धरला. जन्मभर गप्प बसलेल्या माणसाला नेमकं काय करायचं ते त्याच दिवशी कसं सुचलं, कोण जाणे.

मी आरशापुढं हात जोडले. "चुकलं माझं, आक्का," म्हटलं. आरशातली बाई माझ्याकडं अशी बघत होती, की मलाच धाक वाटला. तिनं काही माफ केलं नाही. बाकी सगळे हसून हसून परत शिंकायला लागले. बाळगोंडाही हसले, आणि हसता हसता त्यांनी वृषभला विचारलं, "पत्ते ओळखता येतात का?"

"एक्का येतोय," वृषभ म्हणाला. "तोबी आक्कांच्या कंप्युटरवर बघितला."

सोयरीक ठरली.

भरमू मासे पुसायला निघाला, तेव्हा मात्र मी आडवी आले. "मारायचे न्हायत!"

"मारत न्हाय ओ. कोंडून ठेवतो. तिथं कुणाला तरास न्हाय."

"खायला?"

"लागत न्हाय."

मी परवानगी दिली. कंप्युटर भंगारातून वाचला. ऋतिकाला मी म्हटलं, "बघितलंस? म्हातारं वाईट न्हवतं. नुसतं झाडायला पायजे होतं." ती म्हणाली, "तेच म्हणते मी आत्ती, आतनं झाडायला पायजे," आणि माझ्या डोक्याकडं बघितलं.

साखरपुड्याआधी मी गळतग्याला बेसनाच्या लाडवांचा डबा पाठवला. स्वतः वळलेले. दोन दिवस झाले, डबा परत नाही, निरोप नाही. शेवटी मीच फोन केला. बाळगोंडांनी उचलला. मागं भरलेल्या घराचा गलका ऐकू येत होता.

"लाडू मिळाले न्हवं?"

"मिळालेत की, आक्का. पर अजून कुणी खाल्ले न्हाईत."

"का हो?"

"भरमू उद्या येणार हाय. त्याला आधी दाखवतो."