आप्पारावांच्या गाण्यांची वारस नोंद

घाटनांदूरचे आप्पाराव गाणी विकत घेऊन ऐकत. सारं गाव मोबाईलवर फुकट ऐकायचं आणि आप्पारावांना हसायचं. फुकट ऐकणं म्हणजे चोरी, असं त्यांचं मत होतं. ते वारले तेव्हा मागं पत्नी सत्यभामाबाई, मुलगा बद्रीनाथ, थोडं शेत, एक म्हैस आणि मोबाईलमधली गाणी राहिली. त्यातलं एक ठरावीक गाणं लावल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नसे.

बद्रीनाथही बापासारखाच सरळ. वडील गेल्याचं त्यानं गाण्याच्या कंपनीला रीतसर कळवलं आणि गाणी आपल्या नावावर करण्याची विनंती केली. कंपनीनं तत्काळ शोक व्यक्त करून सगळी गाणी बंद केली. ‘मयत ग्राहकास केवळ हयातीत ऐकण्याची मुभा होती. सदर गाणी आता विक्रीसही उपलब्ध नाहीत.’

दुसऱ्या दिवशी म्हशीनं बादली लाथाडली.

“आरं, तुज्या बापानं इकत घेतलती ना?” सत्यभामाबाई कळवळल्या.

“ऐकायला घेतलती, माय. मालकीची न्हाईत.”

शेताची वारस नोंद तलाठी पंडितरावांनीच केली होती. बद्रीनाथ त्यांच्याकडं गेला. त्यांनी प्रकरण गंभीरपणे ऐकलं.

“कंपनी मालक, तुजे वडील कूळ. इतक्या वर्षांची वहिवाट हाय, हक्क लागतो. चतुःसीमा सांग.”

“गाण्याच्या?”

“पूर्वेला काय, पश्चिमेला काय?”

बद्रीनाथनं डोळे मिटून आठवलं. “आदी भजन लागायचं, नंतर लावणी.”

“ठीक. आता पंचनामा. गाणं जागेवर वाजत पायजे.”

“सायेब, ते बंद हाय म्हणून तर आलो!”

“बंद? म्हंजे पडीक. पडीक पडलं की वहिवाट तुटली. वहिवाट तुटली की हक्क गेला,” पंडितरावांनी हळहळत पेन बंद केलं.

बद्रीनाथ खाली मान घालून घरी आला, तर गोठ्यात तेच गाणं दणक्यात वाजत होतं आणि सत्यभामाबाई धार काढत होत्या. जन्मात एक गाणं विकत न घेतलेल्या शेजारच्या शहादेवनं त्यांच्या मोबाईलवर पाठवलं होतं.

“माय, कुणाच्या परवानगीनं लावलंस?”

“म्हशीच्या!”

बद्रीनाथला फार वाईट वाटलं. ताज्या दुधाचा चहा पितानाही वाटत राहिलं. तेवढ्यात पंडितरावांचा फोन आला. गाणं सापडलं असेल तर त्यांनाही पाठवावं, कार्यालयीन नव्हे, घरगुती कामासाठी.

शहादेवला ते कुणी पाठवलं, हे मात्र त्याला आठवत नाही. तुमच्या मोबाईलमधली गाणी कुणी पाठवली, हे तुम्हाला तरी आठवतंय?